अंगात किती भिनते, तेही मोजा

पावसाळ्यात आमच्या दापोलीकडे तिन्हीसांजेला दारे लोटली की माजघरात मच्छर अगरबत्ती पेटते. सकाळी ताटलीत राखेचे वेटोळे तसेच्या तसे पडलेले असते आणि माझ्या नातीच्या केसांना तोच वास येतो. हर्णै बंदरावर उकळता चहा प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत बांधून होडीवर जातो. या धुरातली आणि प्लॅस्टिकमधली रसायने किती अंगात उतरतात?

वेष्टनावरचा मजकूर वाचून ते कळणार नाही. श्वासातून, जेवणातून, कातडीतून जे आत येते ते शेवटी रक्तात आणि लघवीतच मोजावे लागते. अमेरिकेत १९९९ पासून अशी राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरील ९३ टक्के लोकांच्या लघवीत प्लॅस्टिकमधले बिस्फेनॉल-ए हे रसायन सापडले. सापडले म्हणजे आजार झाला असे नव्हे, हे मान्य. पण हा पदार्थ एका दिवसात बहुतेक बाहेर पडतो. तरीही इतक्या जणांत सापडतो, याचा अर्थ तो रोज नव्याने आत जातो. शिसे तर हाडांत वर्षानुवर्षे मुरून राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रक्तक्षयासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतला गेला आहे. म्हणजे घरोघर जाऊन तपासणी करणे आपल्याला जमते. अशा रसायनांसाठी तशीच तपासणी कोकणातल्या निवडक गावांत गरोदर बायका आणि शाळकरी मुलांपासून सुरू करावी. ती पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा व्हावी, आणि तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

— एक वाचक, दापोली