सुहासला पत्र : बिटकॉइनच्या बदनामीविषयी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. काका म्हणतात की बिटकॉइन, म्हणजे तो फक्त इंटरनेटवर चालणारा पैसा, गांजा-अफूवाल्यांचा, घरात त्याचं नावही काढायचं नाही. ते काही हवेतलं बोलत नाहीत. 2011 मध्ये अमेरिकेतल्या रॉस उल्ब्रिक्टनं सिल्क रोड नावाचा ऑनलाइन काळा बाजार उघडला. हेरॉइन, एलएसडी, खोटी ओळखपत्रं, सगळं तिथे मिळायचं आणि पैसे चुकवायचे ते बिटकॉइनमध्ये. जगातल्या कितीतरी लोकांच्या कानावर बिटकॉइनचं नाव पहिल्यांदा पडलं ते या बातम्यांमधूनच. त्याचा डाग अजून गेलेला नाही.

पण तो बाजार कसा बुडाला आणि पुढे काय झालं, ते काकांना जरूर सांग. 1 ऑक्टोबर 2013 ला उल्ब्रिक्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क वाचनालयात लॅपटॉप उघडून बसला होता. पाठीमागे एक बाई आणि एक पुरुष भांडायला लागले. यानं मान वळवली आणि तेवढ्यात लॅपटॉप उचलला गेला. भांडणारे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचेच होते! लॅपटॉप मिटला असता तर आतलं सगळं कुलूपबंद झालं असतं. त्यातून सुमारे 1,44,000 बिटकॉइन हाती लागले.

मला मात्र त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या तपासातल्याच दोन सरकारी अधिकाऱ्यांनी, कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस यांनी, मधल्यामध्ये बिटकॉइन लंपास केले होते. त्यांना वाटलं, या पैशाला ना नाव ना गाव, कोण विचारतंय? पण प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन वहीत, नोंदलेला असतो, कोणालाही वाचता येतो आणि खोडता येत नाही. तो माग काढत तपास त्यांच्यापर्यंत पोचला आणि 2015 मध्ये दोघांनाही सहा-सहा वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला. जेम्स झोंग नावाच्या माणसानं 2012 मध्ये सिल्क रोडवरूनच 50,000 हून जास्त बिटकॉइन चोरले, ते 2021 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या घरी सापडले. काही तर बाथरूमच्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात ठेवलेल्या छोट्याशा कॉम्प्युटरवर! लपून राहायला रोकड कितीतरी सोयीची, सुहास.

आपल्याकडे लोक बुडाले त्याचा काळ्या बाजाराशी काहीच संबंध नव्हता, याचंच मला फार वाईट वाटतं. गेनबिटकॉइन नावाच्या गुंतवणूक योजनेवाल्यांनी महिन्याला 10 टक्के परतावा, तोही 18 महिने, असं आश्वासन दिलं आणि ओळखीतून ओळखी जोडत माणसं गोळा केली. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाजला पकडलं. पुढे 2022 मध्ये, याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनीच अटक केली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. अमेरिकेतलीच गोष्ट पुन्हा आपल्या दारात!

काका डार्कनेटला, म्हणजे इंटरनेटच्या त्या छुप्या कोपऱ्याला, घाबरतात, आणि तिथे ते कधी जाणारही नाहीत. घात करतो तो इस्त्रीचा शर्ट घालून, नातेवाइकाची ओळख सांगत घरी येणारा माणूस. त्याच्याकडे ते संशयानं बघतच नाहीत. तुझ्या मेहुण्याला भेटलेला तो "सल्लागार" ठरलेला परतावा सांगतोय आणि आणखी चार जण आणायला सांगतोय, एवढं वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. पैसे पाठवण्याआधी मेहुण्याला मला फोन करायला सांग. शक्यतो आजच.

तुझा,
मिलिंद