अँटिऑक्सिडंट गोळ्यांची दुसरी बाजू

महोदय,
अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी त्वचेचा कर्करोग टळतो, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख एकांगी वाटला. अतिनील किरणांमुळे पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा मारा) वाढून डीएनएला इजा होते आणि अँटिऑक्सिडंट तो ताण कमी करतात, हे खरे. मात्र हाच ताण रक्तात उतरलेल्या मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या पेशींनाही मारतो, आणि २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटमुळे त्या कर्करोगाचा फैलाव वाढलेला आढळला. फोटोडायनॅमिक उपचारात तर डॉक्टर प्रकाशाच्या साहाय्याने असा ताण मुद्दाम निर्माण करूनच रोगट पेशी नष्ट करतात. रुग्णाने मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत, एवढे तरी लेखात हवे होते. निफाडकडे द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून बायका उन्हात उभ्या असतात. त्या साध्या, खात्रीच्या उपायाचा मात्र लेखात उल्लेखही नाही.

– एक वाचक, नाशिक