रूळ नंतर, आधी जोड

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत छोट्या, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या छंदाला पानभर जागा दिलीत, बरं वाटलं. पण लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, वाढवण्याबद्दल लेखात एवढंच आहे की, शेजारी नवा बेसबोर्ड (रूळ बसवायचा लाकडी बोर्ड) लावा आणि रूळ पुढे न्या. गाडी घसरते ती नेमकी तिथेच, म्हणून हा पत्रप्रपंच.

एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित मापाच्या दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असतं आणि चाकाची कड रुळाच्या माथ्याखाली जेमतेम मिलिमीटरभर उतरते. दोन बोर्डांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर इंजिन एक वेळ निभावून नेईल, मागचा हलका डबा मात्र उतरलाच म्हणून समजा. अशा वेळी सगळे रुळांना दोष देतात. मीटरभर रूळ तापमानातल्या वीस अंशांच्या फरकाने तृतीयांश मिलिमीटर वाढतो, तेवढी फट ठेवली की झालं. खरा खोडकरपणा लाकडाचा. ते दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि कधी पीळही धरतं.

माझं आयुष्य फिटरकामात गेलं, त्यामुळे ‘बोल्ट आवळले की बसतंय’ हे मला पटत नाही. बोल्टच्या भोकात ढिलाई असतेच. बोल्टने आवळायचं, जागा धरायची ती पितळी डॉवेलने. एका बोर्डाच्या चौकटीत खुंटी, दुसऱ्याच्या चौकटीत तिची वाटी. दोन्ही चौकटी क्लॅम्पने घट्ट धरून भोकं एकदमच पाडावीत. वेगवेगळी मापं घेऊन पाडलेली भोकं समोरासमोर येतील ही आशा सोडा.

मग जुन्या बोर्डावरचा शेवटचा वीतभर रूळ उचलावा आणि नवा रूळ जोडावरून अखंड टाकावा. जोडाच्या दोन्ही कडांना रुळाखाली पितळी स्क्रू पिळून त्यांची डोकी रुळाच्या तळाला टेकवावीत, रूळ त्यांना सोल्डर करावा आणि मगच बारीक पात्याने जोडावर कापावा. एकाच रुळाची दोन टोकं, ती एका रेषेत येणारच. इथे फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी, घालू नये. बोर्ड वेगळे करताना तीच रुळाची टोकं वाकवते. आणि कृपा करून जोडावर पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) आणू नका.

इंजिनाला रुळांतून मिळणाऱ्या विजेचंही तेच. फिशप्लेटमधून करंट जाईल या भरवशावर राहू नये, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार द्यावी.

लेखातल्या फोटोत आठ फुटांचा अख्खा प्लाय दिसतो. तो उचलायला चार माणसं लागतील आणि मधोमध गाडी पडली तर हात पोहोचणार नाही. चार बाय दोन फुटांचे बोर्ड करावेत, एकट्याला दारातून नेता येतात.

पुढच्या लेखात इंजिनांच्या फोटोंमध्ये बोर्डाच्या खालच्या बाजूचाही एक फोटो छापाल का? चौकट, डॉवेल आणि तारा दिसतील असा.

आपला,
एक निवृत्त फिटर