विषय: 'देशी स्टार्टर' या पिल्लांच्या खाद्यातलं प्रोटीन गुपचूप 20 वरून 16 टक्के केल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, कुक्कुट खाद्य विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला, त्यामुळे नमस्कार राहू द्या.

तुमच्या देशी स्टार्टरच्या कट्ट्यावर (पोत्यावर) मागच्या हंगामात 'क्रूड प्रोटीन किमान 20 टक्के' छापलेलं होतं. या एप्रिलच्या कट्ट्यावर 16 आहे. नाव तेच, कोंबड्याचं चित्र तेच, भाव मात्र चढलेला. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानदाराला विचारा.

16 टक्के हे तलंगांचं, म्हणजे वाढत्या वयाच्या कोंबड्यांचं खाद्य झालं. देशी पक्ष्याला ब्रॉयलरसारखं 22-23 टक्के लागत नाही, हे मान्य. सव्वा किलोला यायला चार-पाच महिने घेणाऱ्या कडकनाथला तेवढं घातलं, तर जास्तीचं विष्ठेतून जातं आणि शेडमध्ये अमोनियानं डोळे चुरचुरतात. पण पहिल्या आठ आठवड्यांत अंगही भरायचं असतं आणि पिसंही यायची असतात, आणि पीस म्हणजे जवळपास निव्वळ प्रोटीन. तेव्हा 20 च्या आसपास हवंच. पुढे 18, मग 16 करता येतं. हे तुम्हाला मी का सांगतोय? तुमच्याच जुन्या कट्ट्यावर होतं की.

आता तो फोन. मी सांगितलं, पिल्लं एकमेकांची पिसं उपटून खातात, पाठी उघड्या पडल्यात. ताईंनी विचारलं, "सर, जात कोणती?" कडकनाथ. "मग सर, ती काळीच असते ना?" म्हटलं, ताई, रंगाची तक्रार नाही, पिसंच नाहीत. मग गाणं लागलं. बराच वेळ वाजलं. मग एक 'न्यूट्रिशन एक्स्पर्ट' साहेब आले. म्हणे, "देशी आहे ना? अंगणात सोडा, किडे-मुंग्या खाऊन भरून काढते." किडे-मुंग्यांवरच वाढवायची तर तुमचा कट्टा कशाला घेऊ? आणि यवतमाळच्या 45 अंशात अंगणात किडा कुठे सापडतो, ते दाखवायला या म्हटलं, चहा मी पाजतो. साहेब हसले. मी विनोद केला नव्हता. हसून झाल्यावर म्हणाले, "उन्हात पक्षी कमी खातो, म्हणून वाढ नाही. खाद्यात दोष नाही." अहो, कमी खातो म्हणूनच तर खाईल तेवढ्यात प्रोटीन जास्त हवं! एवढं बोलेपर्यंत फोन कट. वर मेसेज आला, आमच्या सेवेला 5 पैकी गुण द्या.

बरं, या 16 मध्ये तरी काय आहे? क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, युरियानंही तो आकडा फुगतो. तुम्ही युरिया टाकता असं मी म्हणत नाही. प्रोटीनमधले खरे कामाचे घटक, लायसिन किती, मेथिओनिन किती, सोयापेंड किती आणि सरकीची ढेप किती, एवढंच विचारतोय. सरकीत लायसिन कमी, गॉसिपॉल या तिच्यातल्या विषारी द्रव्याची भीती वेगळी. सोयापेंड परवडत नाही म्हणून हात आखडला असेल तर तसं छापा. आमचं सोयाबीन विकायला नेलं की त्याला कधी भाव नसतो, तुमच्या कट्ट्यात शिरताना बरं महाग होतं!

हा माल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या करीसाठी धरला होता. ढाबेवाल्याला शब्द दिलाय. आठ आठवड्यांची पिल्लं चार आठवड्यांची दिसतात, त्याला काय दाखवू? गावातल्या पोरांना तुमचं खाद्य मीच घ्यायला लावलं होतं, आता ते माझ्याच तोंडाकडे बघतात.

न उघडलेला एक कट्टा बाजूला ठेवलाय. त्याचा नमुना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतो आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जातो. 2019 च्या कायद्यानं माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. 'हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' हे सांगू नका. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरला जातो.

20 चं 16 कोणी केलं, कधी केलं आणि कट्ट्यावर वेगळं नाव का दिलं नाही, याचं उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

एक कास्तकार,
जिल्हा यवतमाळ

सोबत: दोन्ही कट्ट्यांच्या लेबलांचे फोटो