एप्रिलची तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

हे फोनवर बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं इकडे अमेरिकेत येताय. तिकिटं काढून झाली, परतीची ऑक्टोबरची आहेत. रागवायचं तर रागवा, पण आधी पत्र शेवटपर्यंत वाचा.

टेनिस कोर्टावर तुम्हाला चक्कर आली हे मला दादाने सांगितलं. आईला बोलू नका, तिने चकार शब्द काढला नव्हता. पण सोलापूरचं ऊन मला माहीत आहे आणि तुम्हीही मला माहीत आहात. पहिला सेट गेला की दुसरा काढल्याशिवाय तुम्ही कोर्टातून बाहेर येत नाही, मग घड्याळात नऊ का वाजेनात. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी डबल्सला परवानगी दिली होती. एप्रिल-मेच्या उन्हाला दिली नव्हती.

तुम्ही का टाळताय तेही कळतं. न्यू जर्सीला आला होतात तेव्हा गाडीशिवाय दाराबाहेर पडता येत नव्हतं. तुम्ही पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचात आणि रॅकेट बॅगेतून निघालीच नाही. जवळच्या क्लबात चौकशी केली, तर वर्गणीचे तुम्ही तिथल्या तिथे रुपये केलेत आणि विषय मिटवलात. ते मला फार लागलं होतं, बाबा. आयुष्यभर रोज सकाळी खेळलेला माणूस माझ्या घरी येऊन सोफ्यावर बसून राहिला.

आता आम्ही न्यूयॉर्कमध्येच, फ्लशिंगला राहायला आलोय. भाडं थोडं जास्त आहे, पण एक गाडी काढून टाकली, तिचा हप्ता, विमा सगळं वाचलं. तुमच्या जावयांचं ऑफिस एका ट्रेनवर आलं. शाळा जवळ आहे, बाजार जवळ आहे. खरं सांगायचं तर घर बघताना मी आधी नकाशात टेनिस कोर्ट शोधलं. किसेना पार्क नावाची मोठी बाग आहे, तिथे पालिकेची कोर्टं आहेत, आपल्या घरून तुमच्या चालीने चालत जाता येईल अशी.

पैशांचं आता नीट ऐका. शहरभर बागांमधून अशी पाचशेच्या वर कोर्टं आहेत आणि सगळीकडे एकच परमिट चालतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून नोव्हेंबरच्या शेवटाकडे, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारपर्यंत हंगाम असतो. मोठ्यांना पूर्ण हंगामाचे 100 डॉलर. ज्यांनी वयाची 62 पूर्ण केली त्यांना 20. महिन्याचे नाहीत, अख्ख्या हंगामाचे! परमिट नसेल तर एका वेळच्या खेळाला 15 डॉलर पडतात, म्हणजे दोनदा खेळलात तरी तुमचं परमिट वसूल. मॅनहॅटनच्या खासगी इनडोअर कोर्टांवर नुसता एक तास खेळायला शंभराच्या पुढे जातात. तेव्हा कृपा करून 20 डॉलरचे रुपये करत बसू नका. ते मी भरणार आहे.

सिंगल्सला एक तास, डबल्सला दोन तास मिळतात. शनिवार-रविवारी थांबावं लागतं. तुम्ही मात्र मंगळवारी, बुधवारी सकाळी जाल, तेव्हा बाकीचं शहर कामाला गेलेलं असतं. मी मुद्दाम रजा टाकून त्या वेळेला जाऊन बघितलं. सगळे तुमच्या वयाचे, बरेचसे चिनी आणि कोरियन आजोबा, घरून आणलेला चहा बाकावर ठेवून खेळत होते. एकांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, पण काय स्लाइस मारत होते! चौथा भिडू कमी पडला की ते कडेला बसलेल्याला नुसती रॅकेट दाखवतात आणि तो उठून येतो. तुम्हाला कुणाची ओळख काढायला लागणार नाही.

क्लबातल्यासारखा सोबत खेळणारा मार्कर नाही, बॉलबॉय नाही, चेंडू आपले आपण वेचायचे. एखादं नेट सैल असतं, कुठे कोर्टाला भेग असते. हे आधीच सांगते, म्हणजे आल्यावर नाक मुरडणार नाही. क्लबाबाहेरचं टेनिस म्हणजे वेळ घालवणं, असं तुम्ही म्हणता. पण फ्लशिंगच्या ज्या मोठ्या स्टेडियमवर यूएस ओपनची फायनल होते, ते ज्यांच्या नावाचं, ते आर्थर ॲश रिचमंडच्या सार्वजनिक मैदानावरच खेळायला शिकले. त्यांचे वडील त्या मैदानाची देखभाल करायचे. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या क्लबात दार बंद होतं, त्या काळातली गोष्ट. विल्यम्स भगिनीही कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवरच घडल्या. ऑगस्टमध्ये पात्रता फेरीचे सामने फुकट बघायला मिळतात, तेव्हा तुम्हाला घेऊन जाईन. अगदी कोर्टाला खेटून बसता येतं.

आणि फॉरेस्ट हिल्सचा टेनिस क्लब इथून लांब नाही, यूएस ओपन आधी तिथे व्हायची. 1973 साली विजय अमृतराजांनी रॉड लेव्हरना जिथे हरवलं आणि पुढच्या वर्षी बोर्गला, तेच. ट्रंकेतली ती कात्रणं आईने टाकली नसतील तर घेऊन या. तो क्लब खासगी आहे, पण आपण बाहेरून फिरून येऊ.

एक दिवस मात्र सकाळी लवकर निघून रिव्हरसाइड पार्कला जायचंय. 96व्या रस्त्यापाशी, हडसनच्या काठावर लाल मातीची कोर्टं आहेत. तुमचं परमिट तिथेही चालतं. खेळणारे लोकच स्वयंसेवक म्हणून ती राखतात. खेळ संपला की जाळी ओढत माती सारखी करतात, मग लांब दांड्याच्या ब्रशने पांढऱ्या रेषा झाडतात. मी कुंपणाला धरून बघत उभी राहिले. संध्याकाळी पाणी मारल्यावर आपल्या जुन्या कोर्टाचा जो वास यायचा, तोच. तुम्ही चुन्याचं डबडं घेऊन बेसलाइन मारायचात आणि मी मागून, रेषेवर पाय न देता, तोल सांभाळत चालायची. चेंडूंचा नवा डबा फोडताना तो "फस्स" आवाज माझ्या कानापाशी करायचात. सिंथेटिक कोर्ट झालं तेव्हा तुम्ही घरी काही बोलला नाहीत, मला आठवतंय.

आई, तुला वाटेल सगळं बाबांचंच चाललंय. तसं नाही. बाउन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ आता आपल्या घराजवळ आहे. खाली कँटीन आहे, डोसा छान मिळतो, चतुर्थीला तुला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागणार नाही. घराला लिफ्ट आहे. तुमची खोली बाथरूमला लागून आहे, रात्री अंधारात चाचपडायला नको. कढीपत्ता, मेथी, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. बाबा खेळतील तेव्हा तुला बसायला झाडाखाली बाक आहे आणि शेजारी तळं आहे. तुझं विणकाम आण, लोकर इथे घेऊ. सकाळचा चहा मी करणार, तू उठायचं नाही.

आता कामाचं. बाबा, कार्डिओलॉजिस्टकडे याच महिन्यात जा, स्ट्रेस टेस्ट करून घ्या आणि डबल्स खेळायला हरकत नाही असं लेखी आणा. सहा महिन्यांची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. प्रवासाचा विमा मी काढतेय, त्यात स्टेंटचं खरं ते लिहिणार. लपवायचं नाही. बूट सपाट तळव्याचे आणा, मातीच्या कोर्टावर खाचांचे चालत नाहीत. रॅकेटचं गटिंग तिथेच करून घ्या, इथे महाग पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही दमट उकाडा असतो, तेव्हा सकाळी लवकर आणि एकच सेट. तिसऱ्या सेटची चर्चा माझ्यापाशी करायची नाही. खिशात हृदयाची सॉर्बिट्रेट गोळी आणि गळ्यात माझा नंबर. आई, शेंगाचटणी दोन किलोच्या वर भरू नकोस, चादरी तर अजिबात नको.

तुमची डबल्सची चौकडी मोडतेय याचं मला वाईट वाटतं. मी काकांशी बोलले. ते म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत त्यांचा भाचा उभा राहील, तुमची बाजू तुमचीच. दिवाळीच्या आत तुम्ही घरी पोचताय, अंगणात आकाशकंदील तुम्हीच लावणार. मी तुम्हाला सोलापुरातून उपटून आणत नाहीये. मला फक्त वर्षातले काही महिने तुम्ही खेळून, घामेजून घरात आलेले बघायचेत.

परमिटसाठी फोटो आणि वयाचा पुरावा लागेल. पासपोर्टचं पहिलं पान आणि एक साधा फोटो दादाकडून या रविवारपर्यंत पाठवा. फोटोत टोपी नको.

तुमची,
चिमी