दोष वायरलेस सेटचा नव्हे, अँटेनाच्या सांध्याचा

मा. संपादक, स. न. वि. वि.

किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांच्या वायरलेस केंद्रांतील अँटेनांची देखभाल हा कोणाच्याच कामाच्या यादीत नसलेला विषय झाला आहे, म्हणून हे पत्र. आमच्या बंदरावरील केंद्रात गेल्या हंगामात एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून किती शक्ती माघारी फिरते हे दाखवणारा मीटर; आकडा एकाच्या जितका जवळ तितका चांगला) काटा एका जागी ठरेना. कोरड्या हवेत दीड दाखवणारा मीटर सर येऊन गेली की तीनच्या पुढे जाई. सेट दुरुस्तीला पाठवला, तर तो निर्दोष ठरून परत आला. अखेर गच्चीवरील कनेक्टर उघडला, तेव्हा आतून खारे पाणी ठिबकले, मधल्या पिनेवर हिरवी भुकटी जमलेली होती आणि केबलची तांब्याची जाळी काळी पडली होती.

एसडब्ल्यूआर तीन असताना अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा माघारी फिरतो, आणि पुष्कळसे सेट स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती आणखी कमी करतात. संकटकाळचा 16 नंबरचा चॅनेल याच अँटेनावर ऐकला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या बिघाडाचे गांभीर्य कळते. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत मोबाइल कित्येक दिवस मुके होते, याचा विसर पडू नये.

तपासणी अवघड नाही. अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड (शक्ती आतच जिरवणारा नकली भार) जोडल्यावर काटा स्थिर राहिला, तर सेटला दोष देण्याचे कारण उरत नाही. वाऱ्याबरोबर काटा हलत असेल तर सांधा सैल झाला आहे किंवा सोल्डरचा डाग सुटला आहे, आणि पावसाबरोबर बदलत असेल तर पाणी शिरले आहे, असे साधारणपणे समजावे. मात्र येथे एक फसगत संभवते: लांब केबल भिजली की परतणारी लहर वाटेतच जिरते आणि खालच्या मीटरवर आकडा उलट चांगला दिसतो. म्हणून एक मोजणी वर, अँटेनाच्या बुडाशी व्हायलाच हवी.

केबल लखलखीत तांबे लागेपर्यंत कापावी, काळेपणा संपतच नसेल तर सगळी बदलावी. नव्या सांध्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर, कौलांसारखी एकावर एक येईल अशी गुंडाळावी, आणि केबल आत येते तेथे पाणी निथळण्यासाठी तिला खाली झोल द्यावा. उन्हाने अँटेनाच्या फायबरच्या नळीचे धागे उघडे पडले असतील, तर तिला धातूविरहित लेप हवा. (गच्चीवर चढण्यापूर्वी सेट बंद करणे आणि जवळच्या विजेच्या तारा पाहणे, हे सांगावे लागू नये, पण सांगतो.)

खरी अडचण वेळेची आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत केंद्र शांत असते, तेव्हाच अँटेना सर्वांत जास्त पाऊस झेलते, आणि ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असतानाच नौका तिच्या भरवशावर बाहेर पडतात. तेव्हा मत्स्यव्यवसाय विभागाने आणि संस्थांनी मे महिन्यात दुरुस्ती व जुलैअखेर मोजणी सक्तीची करावी, त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी, आणि मोजणीचे आकडे हवामानाच्या नोंदीसह केंद्रातील वहीत लिहिण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वायरलेस तंत्रज्ञ, जि. रत्नागिरी