‘सव्वा तासात पुणे’: कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानसेवेची बातमी आली की मथळा ठरलेला: ‘आता सव्वा तासात पुणे’. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. वेळापत्रक दिसलं की आकडे ताडून बघायची खोड अजून गेलेली नाही.

नागपूर–पुणे हीच जोडी घ्या. नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर साधारण ६०० किलोमीटर. रस्त्याने सातशेच्या वर. अजनी–पुणे वंदे भारत भुसावळ, मनमाड, दौंड असा वळसा घेत ८८१ किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. बातमीत मात्र यातलं कोणतं अंतर छापलंय, याचा पत्ता नसतो.

वेळेचंही तसंच. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे पाऊण तासात पोहोचायला हवं, असं वाटतं. पण तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची. धावपट्टीकडे सरकणं, नंबर लागेपर्यंत ताटकळणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी तर हवाई दलाची, म्हणजे ताटकळणं आलंच. शिवाय हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो. पुण्याहून येताना तो विमानाला मागून रेटतो, जाताना तोंडावर येतो. इथवर तक्रार नाही.

माझी मुलगी हिंजवडीला राहते. चेक-इनचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी नागपूरचा सोनेगाव विमानतळ गाठायचा. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी उभं राहायचं. मग संध्याकाळच्या गर्दीत लोहगाव ते हिंजवडी. पंचवीसेक किलोमीटरला दीड तास लागला तर पुणेकरांना त्याचं काही वाटत नाही. सव्वा तासाचे पाच तास असे होतात. (तरी रातराणीपेक्षा बरंच, माझ्या गुडघ्यांना विचारा.)

अंतर जितकं कमी, तितका हा जमिनीवरचा वेळ जास्त बोचतो. एप्रिल २०१७ मध्ये छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेत नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं, ते सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर. तेवढ्यासाठीही विमानतळावर आधी जाऊन बसणं काही चुकत नाही.

माझी मागणी छोटी आहे. मथळा हवा तो द्या, पण खाली एवढं छापा: अंतर हवाई की रस्त्याचं, विमान जेट की ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाणारं, पंख्यांचं छोटं एटीआर, आठवड्यातून किती दिवस आणि सुटणार किती वाजता. हे शेवटचं तर विसरूच नका. पहाटे साडेपाचचं विमान असेल तर हिंगणघाटच्या माणसाला आदल्या रात्रीच नागपुरात मुक्काम टाकावा लागतो.

— एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, नागपूर